छताला पांढरा रंग दिला की घर खरंच थंड होतं का? रत्नागिरीच्या स्लॅबवर काय होईल?

रात्रीचे दहा वाजलेत. सूर्य मावळून तीन तास झाले, अंगणात बऱ्यापैकी वारा आहे, पण स्लॅबच्या घरात पंखा लावला की वरून गरम हवाच खाली येते. गादीसुद्धा कोमट लागते. रत्नागिरीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मार्च ते मे हा अनुभव नवा नाही. नेमका याच दिवसांत व्हॉट्सॲपवर आणि रील्समध्ये एक उपाय फिरायला लागतो: गच्चीला पांढरा रंग मारा, घर १० अंशांनी थंड करा, एसीचं बिल निम्म्यावर आणा. व्हिडिओत कुणीतरी बादलीत चुना कालवतं, कुंच्याने फासतं आणि शेवटी थर्मामीटर दाखवतं.

थर्मामीटर खोटं बोलत नाही. फक्त तो कुठे धरलाय हे बघायला हवं. बहुतेक वेळा तो छतावर धरलेला असतो, खोलीत नाही. छत २० अंशांनी थंड झालं म्हणजे खोली २० अंशांनी थंड झाली असं होत नाही.

तरीही मूळ गोष्ट खरी आहे. पांढरं छत कमी तापतं आणि त्याखालची खोलीही कमी तापते. कोकणात मात्र या उपायाच्या वाटेत दोन-तीन गोष्टी येतात, ज्यांचा उल्लेख अहमदाबाद किंवा राजस्थानातल्या व्हिडिओंमध्ये नसतो. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे पाऊस.

पांढरं छत करतं काय?

भर दुपारी डोक्यावर सूर्य असताना एका चौरस मीटर छतावर साधारण १,००० वॉट इतकी सौर ऊर्जा पडते. म्हणजे दर चौरस मीटरला एक छोटी इस्त्री ठेवल्यासारखं. साधा करडा स्लॅब यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग शोषून घेतो. जुना, काळवंडलेला स्लॅब त्याहूनही जास्त. स्वच्छ पांढरा रंग मात्र ७० ते ८० टक्के ऊन आल्या वाटेने परत पाठवतो. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी करड्या स्लॅबचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पांढरा केलेला भाग ४० च्या आसपास राहू शकतो. अनवाणी चालून बघितलं तरी फरक कळतो.

रत्नागिरीच्या बाबतीत छत जास्त महत्त्वाचं आहे, कारण गाव साधारण १७ अक्षांशावर आहे. ७-८ मेच्या सुमारास इथे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत भिंतींना ऊन तिरपं आणि कमी लागतं. सगळा मारा छतावर.

आता ढोबळ हिशोब करून बघू. ५०० चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. पाच-सहा इंचांच्या साध्या स्लॅबमधून, वरची बाजू आणि खोलीतली हवा यांच्या तापमानात १ अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरला साधारण साडेतीन वॉट उष्णता खाली येते. वर ६० अंश आणि खोलीत ३२ अंश धरले, तर फरक २८ अंशांचा. सगळं मिळून साडेचार किलोवॉट उष्णता घरात. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एक टनाचा एसी नुसता छताशी झुंजण्यात संपला आणि तरी कमीच पडला. वरचं तापमान ४२ वर आणलं, तर हीच उष्णता दीड-पावणेदोन किलोवॉटवर येते.

हा भर दुपारचा, वरच्या टोकाचा आकडा आहे. प्रत्यक्षात स्लॅब हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो. दुपारी घेतलेली उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला चार-पाच तास लागतात. म्हणूनच दुपारी दोन वाजता बरी वाटणारी खोली रात्री नऊ वाजता भट्टी होते. त्या वेळी तापलेला स्लॅब शेकोटीसारखा वरून अंगावर उष्णता टाकत असतो. हवेचं तापमान ३१ असलं तरी डोक्यावरचं छत ३८ अंशांचं असेल, तर माणसाला झोप येत नाही. पांढऱ्या छताचा खरा फायदा इथे आहे. खोलीतल्या हवेचं तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरतं असं देशातल्या अशा कार्यक्रमांतून सांगितलं जातं. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण छतातून येणारी धग कमी झाल्याने आराम त्याहून जास्त वाटतो.

मग चकचकीत पत्रा का तापतो?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. नवा पत्रा तर आरशासारखा चमकतो, ऊन परत पाठवतो, मग त्याखाली बसवत का नाही?

कारण छताची दोन कामं असतात. ऊन परावर्तित करणं हे एक. दुसरं म्हणजे जी थोडी उष्णता घेतली ती आकाशाकडे सोडून देणं. उघडा, चकचकीत धातू पहिलं काम बऱ्यापैकी करतो, पण दुसऱ्यात अगदीच कच्चा असतो. घेतलेली उष्णता तो धरून बसतो. पांढरा रंग, चुना, काँक्रीट, कौल हे सगळे घेतलेल्या उष्णतेचं उत्सर्जन छान करतात. म्हणून पत्र्यावर पांढरा रंग दिला की दोन्ही कामं जमतात. शिवाय पत्रा पातळ असतो, तो उष्णता रात्रीपर्यंत साठवत नाही. दुपारी मात्र त्याखाली बसणाऱ्याचे हाल होतात. त्यामुळे पत्र्याच्या एकमजली शेडमध्ये रंगाचा फरक लगेच, त्याच दुपारी जाणवतो. काजू प्रक्रियेचे छोटे कारखाने, गॅरेज, मासळी हाताळण्याच्या शेड, गावातली पत्र्याची शाळा ही अशी ठिकाणं. बर्फाचा कारखाना किंवा शीतगृह असेल तर छतातून येणारी प्रत्येक उष्णता थेट विजेच्या मीटरवर दिसते.

रंगाच्या डब्यावर 'एसआरआय' असा आकडा असतो तो या दोन्ही गुणांचा मिळून असतो. प्रमाणित काळ्या पृष्ठभागाला ० आणि प्रमाणित पांढऱ्याला १०० धरून हा आकडा काढतात. १०० च्या आसपास किंवा वर असेल तर चांगला. देशाच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही मोठ्या व्यावसायिक इमारतींच्या सपाट छतांसाठी परावर्तनाची किमान मर्यादा घातलेली आहे. घरगुती छतांना ती लागू नाही.

वीजबिल निम्मं होतं का?

नाही. आणि ज्या घरात एसीच नाही, तिथे बिलात जवळपास काहीच फरक पडत नाही. पंखा तेवढाच चालतो, फक्त त्याखाली झोप लागते. हा फायदा मोठा आहे, पण तो महावितरणच्या बिलात शोधला तर सापडणार नाही.

एसी असलेल्या जागेसाठी भारतातला एक नीट मोजलेला अभ्यास उपलब्ध आहे. हैदराबादमध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संशोधकांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर प्रत्यक्ष इमारतीच्या छतांवर पांढरा लेप देऊन वीज मोजली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, साध्या काँक्रीटच्या छतावर लेप दिल्यावर वर्षाला दर चौरस मीटरमागे १३ ते १४ युनिट वीज वाचली, म्हणजे थंडाव्यासाठी लागणाऱ्या विजेत १० ते १९ टक्के बचत. छत आधी काळं असेल तर बचत २० ते २२ युनिटपर्यंत गेली.

हे आकडे घरी लावून बघितले तर? १२ बाय १० फुटांची बेडरूम म्हणजे ११ चौरस मीटर. वर्षाला जास्तीत जास्त १५० युनिट. पण हैदराबादची ती इमारत व्यावसायिक होती, जिथे एसी दिवसा, उन्हाच्या वेळी चालतो. रत्नागिरीतल्या घरात एसी मुख्यतः रात्री आणि तेही वर्षातले तीन-चार महिने लागतो. त्यामुळे प्रत्यक्ष बचत याहून बरीच कमी असेल. पैशात बोलायचं तर महागड्या लेपाचा खर्च नुसत्या बिलातून वसूल व्हायला वर्षं लागतात. चुन्याचा खर्च मात्र पटकन वसूल होतो.

आणि हो, तळमजल्यावर राहत असाल आणि वर दोन मजले असतील, तर गच्ची पांढरी करून तुमच्या खोलीत काहीही बदलणार नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्गणी काढताना हा वाद होणार हे गृहीत धरावं!

कोकणातली अडचण: शेवाळ

अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर, २०१३ मध्ये उष्माघात-प्रतिबंधक आराखडा तयार झाला आणि २०१७ पासून तिथे वस्त्यांमधल्या छतांना चुना देण्याची मोहीम सुरू झाली. तेलंगणाने २०२३ मध्ये छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. ही सगळी ठिकाणं तुलनेने कोरडी आहेत. तिथे पांढऱ्या छताचा शत्रू धूळ असते. ती झाडून, धुऊन जाते.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. जुलैत गच्चीवर हिरवं शेवाळ धरतं. पाऊस संपला की ते वाळतं आणि काळं पडतं. नवरात्रापर्यंत पांढऱ्या गच्चीचा रंग जांभ्याच्या जुन्या गडग्यासारखा झालेला असतो. काळी बुरशी ऊन शोषते, म्हणजे ज्यासाठी पैसे घातले तेच गेलं. ही काही फक्त कोकणची रड नाही. अमेरिकेत छताच्या रंगांची चाचणी करताना नमुने तीन वर्षं उघड्यावर ठेवतात आणि त्यातली एक जागा मुद्दाम फ्लोरिडासारखी दमट निवडलेली असते, कारण दमट हवेत रंग वेगळाच काळवंडतो. डब्यावर लिहिलेला परावर्तनाचा आकडा नव्या रंगाचा असतो. विकत घेताना तीन वर्षांनंतरचा आकडा विचारावा. दुकानदाराला बहुधा तो माहीत नसेल, पण कंपनीच्या माहितीपत्रकात असू शकतो.

चांगली बातमी अशी की हा रंग गेलेला नसतो, झाकलेला असतो. छत घासून धुतलं की बराचसा पांढरेपणा परत येतो.

याचाच अर्थ असा की रत्नागिरीत छत रंगवण्याची वेळ मे नाही. व्हिडिओ मे महिन्यात फिरतात, म्हणून लोक मेमध्ये रंगवतात आणि तीन आठवड्यांत मृगाचा पाऊस सुरू होतो. चार ढगाळ महिने पांढऱ्या छताचा उपयोग जवळपास शून्य, आणि त्याच महिन्यांत ते खराब होतं. त्याऐवजी ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर शेवाळ घासून काढायचं, स्लॅब आठवडाभर नीट वाळू द्यायचा आणि दिवाळीच्या आसपास रंग द्यायचा. मग पुढचे सात महिने ते छत काम करतं. त्यात रत्नागिरीचे सगळ्यात तापदायक दिवसही येतात. हे दिवस नेहमी मेमध्येच असतात असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्रावरून येणारे खारे वारे उशिरा सुरू झाले आणि जमिनीवरचे वारे लांबले, की किनारपट्टीवर पारा ३७-३८ च्या पुढे जातो. किनारी भागासाठी हवामान विभागाचा उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ अंशांपासून सुरू होतो, मैदानी भागात तो ४० आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून हा फरक ठेवलेला आहे.

पांढरं छत हवेतला दमटपणा कमी करू शकत नाही, हेही इथेच सांगायला हवं. घाम येणारच. खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवणं आणि पंखा याला पर्याय नाही.

दरवर्षी रंग द्यायचा म्हटलं की लोक दचकतात. पण कोकणात छताची वर्षाची डागडुजी नवी नाही. कौलारू घरांची शाकारणी दर मे महिन्यात व्हायचीच. स्लॅब आला आणि लोकांना वाटलं, आता छताकडे बघायलाच नको. दरवर्षी देता येईल असा स्वस्त चुना इथे एकदाच दिलेल्या महाग लेपापेक्षा व्यवहार्य ठरतो. चुन्यात थोडा पांढरा सिमेंट आणि डिंकासारखं चिकट द्रव्य घातलं तर तो हाताला कमी लागतो. तो वॉटरप्रूफिंग मात्र नाही. स्लॅब गळत असेल तर ते काम आधी आणि वेगळं करावं लागेल. गच्चीवर आमसुलं आणि आंबोशी वाळत घालणाऱ्यांनी खाली प्लास्टिक अंथरावं. कोकमाचा डाग चुन्यावरून निघत नाही.

गच्चीवरचं पाणी साठवून प्यायला वापरत असाल तर रासायनिक लेप देण्यापूर्वी तो पिण्याच्या पाण्यासाठी चालतो का हे तपासा. अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटावर घरांची छपरं पिढ्यान् पिढ्या चुन्याने पांढरी केलेली दिसतात. तिथे नद्या नाहीत, पिण्याचं पाणी छतावरून टाकीत साठवतात.

कौलं रंगवावीत का?

शक्यतो नको. कौलारू घरात छत आणि माणूस यांच्यामध्ये आधीच एक सोय आहे. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते आणि खाली माळा असतो. म्हणजे एका छताखाली दुसरं छत, मध्ये हलती हवा. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यानंतर मंगलोरी कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी नळीची कौलं आणि गवताची छपरं होती. तत्त्व तेच. १९१० मध्ये बांधलेल्या रत्नागिरीच्या थिबा पॅलेसचं छतही उतरतंच आहे. कौल भाजलेल्या मातीचं, सच्छिद्र असतं. त्यावर रंगाचा थर दिला की आत मुरलेली ओल अडकते आणि एक-दोन पावसात रंग पोपडे धरून सुटतो. माळा काढून टाकलेलं कौलारू घर तापत असेल तर रंगाआधी माळा परत घालण्याचा विचार करावा.

अर्थात, कौलं गेली ती उगाच नाही. माकडांनी फोडलेली कौलं दर आठवड्याला बदलणाऱ्या माणसाला कौलांच्या थंडाव्याचं कौतुक सांगू नये.

आणि स्लॅबवर शेड असेल तर?

रत्नागिरीत हाच प्रश्न सगळ्यात जास्त घरांना लागू पडतो. स्लॅब गळतो म्हणून लोकांनी वर पत्र्याची शेड घातली. नकळत झालं असं की त्यांनी स्लॅबला सावली दिली. जुन्या माळ्याचंच हे नवं रूप: वर एक छत, मध्ये हवा, खाली दुसरं छत. अशा घरात खालचा स्लॅब पांढरा करण्यात पैसे घालू नका. त्याच्यावर ऊनच पडत नाही.

पांढरा करायचा तो वरचा पत्रा. शेड चारही बाजूंनी उघडी असेल तर तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. अनेकांनी पावसाची झड येते म्हणून बाजूही पत्र्याने बंद केल्या आणि आत सामान भरलं. मग तिथे भट्टी तयार होते. पावसाळा संपल्यावर निदान समोरासमोरच्या दोन बाजू उघडता येतील अशी सोय केली तर रंगाइतकाच फरक पडेल.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना तारेच्या ब्रशने घासू नका. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि कोरडं घासल्यावर ते नाकातोंडात जातात. अशा पत्र्यांवर चढणंही धोक्याचं आहे, वजनाने ते मोडतात. पांढऱ्या केलेल्या गच्चीवर पावसात घसरायला होतं, तीही काळजी घ्यावी.

नवी शेड घालायची असेल तर रंगाचा वेगळा खर्चही नाही. रंगीत पत्रे कारखान्यातूनच रंगवून येतात आणि निळा, लाल, हिरवा यांच्याबरोबर पांढरा किंवा मोतिया रंगही मिळतो. कोकणात वरून बघितलं तर निळेच पत्रे जास्त दिसतात. गडद निळा पत्रा बहुतेक ऊन शोषतो. गुळगुळीत, उतरत्या पत्र्यावर शेवाळही स्लॅबइतकं धरत नाही, पाऊसच तो धुऊन काढतो. झाडाखालचा, सावलीतला भाग तेवढा काळा पडतो आणि तिथे एरवीही ऊन नसतं. त्यामुळे ऑर्डर देताना पत्र्याच्या जाडीबरोबर रंगही सांगायचा. 'कुठलाही चालेल' म्हटलं तर निळाच येतो.